कांजूर, इस्त्री केलीस का?

बाईंनी मला माझ्या नावानं कधीच हाक मारली नाही. मी कांजूरमार्गहून यायचे, म्हणून मी 'कांजूर'. तशीच एक 'भांडुप' होती, एक 'देवनार' होती, आणि लग्न होऊन लांब गेली तरी दर शनिवारी न चुकता येणारी एक 'सांताक्रूझ' होती. मुलुंडमधल्याच ज्या होत्या त्यांना बाई मापावरून ओळखायच्या. "ती चौतीस आज का आली नाही?" असं भर वर्गात विचारायच्या. त्या चौतीसची पुढे दोन बाळंतपणं होऊन चाळीस झाली, पण बाईंनी नाव बदललं नाही. रजिस्टरात आहे तेच राहील, म्हणाल्या.

बाईंचा शिवणक्लास मुलुंड पूर्वेला तळमजल्यावर होता. दोन खोल्या, आठ मशिनी, त्यातल्या सहा चालणाऱ्या. बाई एकट्याच राहायच्या. एक भाऊ होता, तो दिवाळीला यायचा आणि येताना उसवलेलं काहीतरी घेऊन यायचा. बाईंच्या गळ्यात टेप कायम. लग्नाला गेल्या तरी टेप, वर मोत्याची माळ. एकदा एका रिसेप्शनला स्टेजवर चढून नवरीच्या हातात पाकीट दिलं आणि तिच्या कानात काहीतरी बोलल्या. सासरच्यांना वाटलं आशीर्वाद दिला. नवरीनं नंतर सांगितलं, बाई म्हणाल्या, "डाव्या बाहीचा मुंढा चुकलाय, हात वर करू नकोस."

तर ह्या बाईंना एकच औषध हवं होतं, आणि नेमकं तेच त्यांना द्यायला कुठला डॉक्टर तयार नव्हता. बाकी आम्हा पुष्कळजणींना त्यांनी ते हाताला धरून मिळवून दिलं. मलापण. तेच सांगायला बसले आहे. मध्ये इकडेतिकडे जाईन, ते तुम्ही समजून घ्या.

कटिंग आम्ही आधी वर्तमानपत्रावर करायचो. त्यातही बाईंचा नियम होता. श्रद्धांजलीच्या पानावर ब्लाउज बेतायचा नाही. देवनारनं एकदा चुकून घेतलं तर बाईंनी कात्री काढून घेतली. "माणूस जाऊन दहा दिवस झाले नाहीत, आणि तू त्याच्या कपाळावरून मुंढा काढतेस?" देवनार म्हणाली, बाई, ओळखीचे आहेत का? बाई म्हणाल्या, "नाही. म्हणून काय झालं?" भाव-बाजाराचं पान मात्र चालायचं.

बाईंना एक्कावन्नाव्या वर्षी डाव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. दीड महिन्यानं वर्ग पुन्हा सुरू केला, त्या दिवशी आम्ही सगळ्या खाली माना घालून बसलो होतो. बाई मध्ये उभ्या राहिल्या. "माझी डावी बाजू काढली आहे. बघायचं असेल तर आत्ताच बघून घ्या. नंतर काम आहे." आम्ही बघून घेतलं. त्या दिवशी कटोरी ब्लाउज शिकवायचा ठरला होता. तोच शिकवला.

दवाखान्यातून त्यांना आत घालायला सिलिकॉनचं काहीतरी दाखवलं होतं. ते गरम होतं म्हणून बाईंनी घेतलं नाही. तान्ह्या बाळाला आपण मोहरीची उशी देतो ना, तशी मलमलीची छोटी उशी त्यांनी स्वतःच शिवली आणि आत मोहरी भरली. "बाळाचं डोकं गोल होतं, मग माझं का नाही गोल दिसणार?" दिसायचं खरंच गोल. पावसाळ्यात घाम आणि दमट हवा मिळून त्या मोहरीला एकदा मोड आले. तेव्हापासून तव्यावर भाजून भरायला लागल्या. पुढे त्या दवाखान्यातल्या आणखी चारपाचजणींना बाईंनी अशा उशा करून दिल्या. प्रत्येकीला सांगायच्या, आधी भाजायची.

ऑपरेशनपेक्षा बाईंना छळलं ते नंतरच्या गोळीनं. पाच वर्षं रोज एक. गाठ पुन्हा येऊ नये म्हणून ती गोळी अंगातल्या बाईपणाच्या हार्मोनला आडवी जायची. त्यामुळे आमची जी पाळी हळूहळू, लाडीगोडीनं जाते, ती बाईंची एका फटक्यात गेली आणि वाफा सुरू झाल्या. डॉक्टर त्याला हॉट फ्लश म्हणतात. बाई वाफ म्हणायच्या. शिकवता शिकवता हात वर करायच्या, "वाफ." की आम्ही मशिनी थांबवायच्या. बाई पंख्याखाली स्टुलावर बसायच्या, थंड पाण्याचा पेला मनगटाला लावून समोर बघत राहायच्या. मानेपासून लाल होत जायच्या, घाम नुसता टपटप. दोनतीन मिनिटांनी उठायच्या, टेलरिंगच्या खडूनं भिंतीवर एक रेघ मारायच्या आणि, "हं, कुठे होतो?" दिवसाच्या रेघा निळ्या, रात्रीच्या गुलाबी. दिवसाला दोन्ही मिळून चौदा तरी व्हायच्याच. महिन्यातून एकदा भिंत पुसायचं काम आम्हा विद्यार्थिनींकडे होतं.

रेशमावर घामाचा थेंब पडला तर डाग जात नाही. म्हणून बाईंनी रेशीम कापणं बंद केलं होतं. तीस वर्षं पैठणी, नारायणपेठ कापलेला हात, आणि त्या रेशमाचं गाठोडं आमच्यापैकी कुणाकडे सरकवून बघत बसायच्या. आमची कात्री चालायची तसा त्यांचा अंगठा हलायचा.

आता माझं. मी एकोणपन्नासची होते. बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारातल्या बायकांसाठी पांढरे अठरा ब्लाउज घेतले होते. कापड नीट घडी न घालता एकावर एक थर लावून बाह्या कापल्या, तर सगळ्या बाह्या एकाच हाताच्या निघतात. हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मी बावीस वर्षं शिवत होते, शिकून झाल्यावरही बाईंकडे येतच होते. छत्तीस बाह्या कापल्या, आणि छत्तीसही डाव्या निघाल्या.

ते बोचकं घेऊन मी बाईंकडे गेले. शिवण सोडते म्हणाले. बाईंनी एकेक बाही उलगडून पाहिली. छत्तीसही. मग म्हणाल्या, "वाफा येतात?"

"येतात."

"झोप?"

"नाही लागत."

"रडतेस?"

"रडते."

"बाह्यांवर रडलीस की आधीपासून?"

"आधीपासून."

घरात मी फारसं काही बोलले नव्हते. सासूबाईंना एकदा सांगितलं तर म्हणाल्या, आम्हाला नाही बाई असलं काही झालं, आम्हाला वेळच नव्हता. आमचे हे म्हणाले, फॅन फास्ट कर. फॅन पाचावरच होता.

"उद्या चल," बाई म्हणाल्या. "आणि ह्या बाह्या ठेव. अठरा डाव्या तर झाल्याच, आता अठरा उजव्या काप. एवढं काही बुडालेलं नाही."

डॉक्टरीणबाई तरुण होती, माझ्या धाकट्या जावेएवढी. तिनं मला विचारलं, "पाळी कधी थांबली?"

"दिवाळीच्या आधी," बाई म्हणाल्या.

"त्यांना बोलू द्या ना."

"ती लाजते. कांजूरची आहे."

मग तिनं बीपी बघितलं, मॅमोग्राफी, सोनोग्राफी, रक्त, सगळं करून घेतलं. घरात कुणाला गाठ झाली होती का, पायात कधी गुठळी झाली होती का, असं खोदून खोदून विचारलं. मला सगळं नाहीच होतं. मी म्हणाले, डॉक्टर, हार्मोनच्या औषधानं कॅन्सर होतो म्हणतात. ती म्हणाली, म्हणूनच एवढं तपासलं. धोका अगदी शून्य असं मी सांगणार नाही, पण तुमच्या वयाला, तुमच्या तब्येतीला फायदा जास्त आहे. दरवर्षी पुन्हा बघू, नको वाटेल तेव्हा बंद करू. अंगात इस्ट्रोजेन कमी पडलंय, ते थोडं बाहेरून द्यायचं. जेल आहे, रोज दंडाला लावायचं. आणि गर्भपिशवी आहे तुमची, म्हणून तिच्या रक्षणाला झोपताना दुसरी एक गोळी.

बाई हे सगळं ऐकत होत्या. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "आता माझं लिहा. हेच."

"तुम्हाला नाही चालत, मावशी. तुमची गाठ ह्याच हार्मोनवर वाढणारी होती. फाईल आणली होतीत तेव्हा सांगितलं होतं मी."

"अर्धं द्या."

"अर्धं पण नाही."

"फक्त उजव्या दंडाला लावीन."

डॉक्टरीण हसली नाही, हे मला आवडलं. तिनं दुसरा कागद घेतला. "वाफांवर दुसरी एक गोळी आहे. हार्मोन नाही त्यात. मुळात उदासपणासाठी देतात, पण वाफा कमी करते. तुमच्या त्या रोजच्या गोळीशी भांडणार नाही अशी बघून लिहिते."

बाई उठल्याच. "मी उदास नाही. मी गरम आहे."

कागद मात्र घडी करून पर्समध्ये ठेवला. बाई कागद कधी टाकत नसत.

परत येताना रिक्षात मला समजावून सांगत होत्या. "ब्लाउजला आत माया ठेवतो ना आपण, दोन बोटं जास्तीचं कापड? अंग सुटलं की उसवून सैल करायला. देवानं बाईलापण आत माया ठेवलेली असते. पन्नाशीला ती संपते. ही डॉक्टरीण बाहेरून पट्टी जोडून देते, बस. त्यात घाबरायचं काय?" मग बाहेर बघत म्हणाल्या, "माझं कापडच तसलं निघालं."

'इस्ट्रोजेन जेल' बाईंच्या कानावर पहिल्यांदा पडलं तेव्हा त्यांना 'इस्त्रीजेल' ऐकू आलं होतं. सुरकुत्या काढत असेल असं त्यांना वाटलं, आणि आम्हा शिवणाऱ्या बायकांना ते पटलंही. खरा शब्द पुढे सगळ्यांनाच कळला, पण इस्त्रीच राहिली. सकाळी वर्गात शिरलं की, "कांजूर, इस्त्री केलीस का?" नवीन आलेली मुलगी बिचारी उठून प्लग बघून यायची. मी म्हणायचे, केली बाई. पंधरावीस दिवसांनी मला सलग झोप लागली. दीड महिन्यात वाफा दिवसाला एखाददुसरी. मी पुन्हा बाह्या कापायला लागले. डावी, उजवी, डावी, उजवी.

त्याच सुमाराला आमच्या ह्यांना कपाटात ती ट्यूब दिसली. त्यांना वाटलं, गुडघ्याचं मलम. आठ दिवस गुडघ्याला चोळलं. मला कळलं तेव्हा म्हणाले, "बराच फरक आहे गं." मी डॉक्टरणीला फोन केला. ती म्हणाली, आठ दिवसांत काही होत नाही, पण ट्यूब वेगळी ठेवा, आणि तुमचं लावलेलं वाळेपर्यंत कुणाला हात लावू नका. ह्यांना मी सांगितलं की ते बायकांचं होतं. दोन दिवस कपाटाकडे फिरकले नाहीत. मग म्हणाले, पण गुडघा बरा आहे.

बाईंनी पुढच्या दोन वर्षांत अकराजणींना त्या डॉक्टरणीपुढे नेऊन बसवलं. भांडुपला पूर्वी पायात गुठळी झाली होती, तिला डॉक्टरीण नको म्हणाली, तर बाईंनी तिथे वाद घातला नाही. बाहेर येऊन तिला उसाचा रस पाजला. सांताक्रूझची सासू क्लासपर्यंत भांडायला आली, हे निसर्गाच्या विरुद्ध आहे म्हणून. बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "तुमच्या डोळ्यावरचा चष्मा जन्मतः होता का?" सासू म्हणाली, चष्म्याची गोष्ट वेगळी. बाई म्हणाल्या, "बसा. ब्लाउज खांद्यावर उतरतोय तुमचा, करून देते." ती सासू पुढे वर्षभर येत होती.

आणि रोज त्यांच्या स्वतःच्या रेघा चौदा. कधी पंधरा.

एके दिवशी सगळ्या गेल्यावर बाईंनी मला थांबवलं. "कांजूर, पुढच्या वेळी ट्यूब आणशील तेव्हा दोन आण."

मला कळलं. "बाई, तुम्हाला चालत नाही."

"मी विचारलं का चालतं का?"

"डॉक्टर काय म्हणाली..."

"डॉक्टरणीच्या भिंतीवर रेघा नाहीत." मग हळू आवाजात, आणि हळू आवाज बाईंचा मी त्याआधी ऐकला नव्हता, म्हणाल्या, "मला एकदा रेशीम कापायचंय गं. तेवढंच. तू नाही आणलंस तर देवनार आणेल. ती मला नाही म्हणत नाही."

हे खरं होतं. देवनार बाईंनी सांगितलं असतं तर खाडीतून चालत गेली असती.

मी दोन दिवस विचार केला. आमच्या खिडकीत कोरफडीची कुंडी आहे. माझी संपलेली ट्यूब मी मागच्या बाजूनं कात्रीनं उघडली, धुतली, वाळवली. कोरफडीचा गर काढला, मिक्सरमधून फिरवला, गाळला, आत भरला. मग ट्यूबचं बूड दुमडून त्यावर गरम इस्त्री दाबली. प्लॅस्टिक मस्त चिकटलं. फ्रीजमध्ये ठेवा असं सांगून बाईंना नेऊन दिलं. बाईंनी ट्यूब हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "बरं."

दर पंधरवड्याला मी नवी भरून न्यायचे. चौदाच्या बारा झाल्या. बाराच्या दहा. दोन महिन्यांनी नऊ. मी भिंत पुसताना मोजायचे आणि मला काय वाटायचं ते मलाच कळत नव्हतं. आनंद तर व्हायचाच. कुणाला फसवून बरं करणं हे मी कुठे शिकले नव्हते.

मग एका शनिवारी बाई सहज म्हणाल्या, "ती रोजची गोळी सोमवारपासून बंद करते मी."

"का?"

"गोळी इस्त्रीला आडवी जाते ना? डॉक्टरणीनंच सांगितलं होतं. एक डावीकडे ओढणार, एक उजवीकडे. शिवण तिरकी जायची. इस्त्री चांगली लागू पडलीय, तीच ठेवते."

ती गोळी म्हणजे बाईंचा जीव होता, आणि मी तो कोरफडीच्या मोबदल्यात घालवायला निघाले होते. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण देवनार बसली होती, चौतीस बसली होती, आणि मी हातातलं शिवत राहिले. रविवारभर मी घरात भांडी आपटली. ह्यांनी विचारलं, इस्त्री नाही केलीस का आज?

सोमवारी क्लास उघडायच्या आधी जाऊन दारात उभी राहिले. बाई आत टेबलावर कागद पसरत होत्या.

"बाई, गोळी घेतली का आज?"

"का?"

"घ्या. त्या ट्यूबमध्ये कोरफड आहे. सगळ्या ट्यूबांमध्ये. पहिल्यापासून."

बाईंनी कागदाची सुरकुती हातानं सारखी केली. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू दिलीस त्याच दिवसापासून. बूड तिरकं चिकटलं होतं. तुझा हात मी ओळखत नाही का? शेवटाला आलीस की तुझी शिवण नेहमी डावीकडे जाते."

"मग लावत का होता?"

"गार वाटतं."

मी स्टुलावर बसले. "आणि गोळी बंद करते म्हणालात ते?"

"तू कधी बोलतेस ते बघायला. मला वाटलं दोन तास लागतील. दोन दिवस लावलेस." मग पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. "गोळी घेतली मी सकाळी. पी."

पाणी पिऊन मी विचारलं, "चौदाच्या नऊ झाल्या त्या मग कशा?"

"ते मला काय विचारतेस. झाल्या खऱ्या. पण नऊपण काही कमी नाहीत." बाईंनी पर्स ओढली, आतल्या कप्प्यातून तो जुना घडीचा कागद काढला, घडीवर विरलेला. "कांजूरची बाई घरी बसून मला फसवायला कोरफड वाटते, म्हणजे माझी एवढी वाट लागलेली दिसत असणार. चल, डॉक्टरणीला पुन्हा विचारून येऊ. ती म्हणाली तर घेते."

डॉक्टरणीनं नवा कागद लिहून दिला. पण बाईंची अट होती, गोळ्या मी आणायच्या, आणि त्यासुद्धा कांजूरहून. मुलुंडमधला औषधवाला एका छत्तीसचा नवरा होता. डावी बाजू गेली हे साऱ्या मुलुंडला बाईंनी स्वतः सांगितलं होतं. उदासपणाची गोळी घेतात हे मात्र एकालाही कळलेलं त्यांना चाललं नसतं. बाई उदास होत्या का? मी कधी विचारलं नाही. त्यांनीही पुन्हा 'मी गरम आहे' असं म्हटलं नाही.

आमच्या स्टेशनजवळच्या दुकानदाराला मी लहानपणापासून ओळखते, म्हणजे त्याच्या लहानपणापासून. कागदावरचं नाव त्यानं वाचलं नाही, गोळी वाचली, आणि एकदम हळू बोलायला लागला. "मावशी, काळजी करू नका. आजकाल खूप जण घेतात." मी म्हणाले, बरं. दर महिन्याला पाकीट देताना विचारायचा, "आता मन कसं आहे?" मी म्हणायचे, सुधारतंय. घरी येऊन बाईंना फोनवर सांगायचे, मन सुधारतंय. बाई विचारायच्या, "कुणाचं?"

रेघा पाचावर आल्या, मग चारावर. तीन मी कधी पाहिल्या नाहीत. त्या वर्षी दिवाळीआधी सांताक्रूझच्या मुलीच्या लग्नाची पैठणी आली, तर बाईंनी तिचा ब्लाउजपीस स्वतःच्या पुढ्यात ओढला, पंखा बंद करायला लावला, कारण वाऱ्यानं रेशीम हलतं, आणि एका दमात कापला. आम्ही सगळ्या उभ्या राहून बघत होतो. बाई म्हणाल्या, "काय बघताय, सिनेमा आहे का."

पाच वर्षांची ती गोळी संपली. पुढे वर्षभरानं डॉक्टरणीनं ही दुसरीसुद्धा हळूहळू कमी करत बंद केली. शेवटचं पाकीट घेतलं तेव्हा मी दुकानदाराला म्हणाले, आता पुढच्या महिन्यापासून नको, झालं. तर तो काउंटर सोडून बाहेर आला. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, तरी आला. हात जोडले. "मावशी, फार हिमतीनं काढलंत तुम्ही. माझी आई असती तर तुम्हाला दाखवलं असतं तिला."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार. मग घरी न जाता तशीच मुलुंडची बस पकडली. बाई ब्लाउजला हुक लावत बसल्या होत्या. मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि त्याचे शब्द, एकही न गाळता, जसेच्या तसे त्यांना सांगितले. हात जोडले होते तेपण सांगितलं.

बाईंनी दोरा दातानं तोडला. डोळे पुसले की घाम पुसला ते मला दिसलं नाही, त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

"त्याला माझं थँक्यू सांग," म्हणाल्या.